जेट आणि गो फर्स्ट पुन्हा का उडाल्या नाहीत?

आकाशवेडा: अमेरिकेची डेल्टा एअरलाइन्स 2005 मध्ये दिवाळखोरीत गेली, 2007 मध्ये बाहेर आली. जपान एअरलाइन्स 2010 मध्ये कोसळली आणि 2012 मध्ये पुन्हा शेअर बाजारात आली. आपल्याकडे मात्र जेट एअरवेज आणि गो फर्स्ट, दोन्ही विमान कंपन्यांचं लिक्विडेशन, म्हणजे मालमत्ता विकून कंपनीच बंद. कर्ज आवाक्याबाहेर होतं की कायदा कमी पडला? आणि अशा वेळी प्रवाशांच्या पैशांचं काय होतं?

धावपट्टी27: कर्जाच्या आकड्यापेक्षा विमानं उडत राहिली का, हे आधी बघा. डेल्टा आणि जपान एअरलाइन्सने कोर्टात गेल्यावरही सेवा चालू ठेवली. इंधन आणि पगाराच्या पैशांची सोय होती. जेट 17 एप्रिल 2019 ला थांबली आणि एनसीएलटीने (दिवाळखोरीची प्रकरणं ऐकणारं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) प्रकरण दाखल करून घेतलं 20 जूनला. तोवर तिचे स्लॉट, म्हणजे विमानतळावरच्या उड्डाण-उतरण्याच्या ठरलेल्या वेळा, इतरांना वाटायला सुरुवात झाली होती, भाड्याची विमानं हातची जात होती, वैमानिक दुसरीकडे रुजू होत होते. वैमानिकाने 90 दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग केली नाहीत, तर प्रवासी घेऊन उडण्याआधी ती पूर्ण करावी लागतात. कंपनीच बंद असेल तर त्यासाठी सिम्युलेटरचा खर्च कोण करणार?

जेटला मे 2022 मध्ये एओसी, म्हणजे विमानसेवा चालवण्याचा परवाना, परत मिळालं होतं. तरी एकही व्यावसायिक उड्डाण झालं नाही. परवान्याने विमानं येत नाहीत.

ताळेबंद: जेटच्या बाबतीत पैसाही वेळेवर आला नाही. जेट विकत घेऊन पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या जालान-कालरॉक गटाच्या योजनेत पहिला हप्ता 350 कोटींचा होता. त्यांनी 200 कोटी भरले आणि उरलेले 150 कोटी बँक गॅरंटीतून वळते करा म्हणाले. एनसीएलटीच्या वरच्या अपिलीय न्यायाधिकरणाने ते मान्य केलं. 7 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून लिक्विडेशनचा आदेश दिला. गॅरंटी ही योजना पाळण्याची हमी असते, तीच हप्त्यात जिरवली तर हमी कसली? माझ्या मते निकाल योग्यच होता, फक्त फार उशिरा आला.

धावपट्टी27: गो फर्स्टचं दुखणं वेगळं. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांअभावी निम्मा ताफा जमिनीवर होता. मे 2023 मध्ये कंपनी स्वतःहून एनसीएलटीत गेली, पण उड्डाणं थांबवूनच. दिवाळखोरी प्रक्रियेत वसुलीवर स्थगिती येते, त्यामुळे भाड्याने दिलेली विमानं मालकांना नेता येईनात. एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितलं, आणि पुन्हा सुरू करण्यासारखं काही उरलं नाही. विमानांवरच्या हक्कांबद्दलच्या 2025 च्या नव्या कायद्याने मालकांची बाजू आणखी भक्कम झाली आहे. म्हणजे पुढच्या कंपनीला थकलेलं भाडं चुकतं करायला साधारण दोनच महिने मिळतील. तेवढ्या काळाची रोकड हाताशी ठेवूनच अर्ज करायला हवा.

ताळेबंद: प्रवाशांसाठी: कार्डाने पैसे भरले असतील तर उड्डाण रद्द होताच बँकेकडे चार्जबॅक (कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत) मागा, त्याला मुदत असते. सोबत पीएनआर, पैसे भरल्याची पावती आणि रद्द झाल्याचा मेल जोडा. एजंटकडून तिकीट घेतलं असेल तर त्यालाही लेखी कळवा. लिक्विडेशन सुरू झाल्यावर 30 दिवसांत लिक्विडेटरकडे (मालमत्ता विकून देणी वाटणारा अधिकारी) दावा लावायचा असतो. दिवाळखोरी कायद्याच्या कलम 53 मधल्या देणी फेडण्याच्या क्रमात आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचं देणं आणि तारणवाल्या बँका. प्रवासी पार खाली. म्हणून चार्जबॅक आधी.