वित्त आयोगाच्या पैशातून मोरी बांधता येते का?

बोरीकाठची सदस्या (पारोळा तालुका):
मी ग्रामपंचायत सदस्य, पहिलीच टर्म. मळ्यांकडच्या रस्त्यावर नाला आहे, मोरी नाही. पावसाळ्यात बायका निंदणीला गुडघाभर पाण्यातून जातात. मासिक सभेत पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून मोरी सुचवली, तर म्हणाले, "तो पैसा केंद्राचा, पाणी-स्वच्छतेलाच लागतो." मग आम्ही ठरवायचं तरी काय?

निवृत्त ग्रामविकास अधिकारी, धुळे:
ताई, अर्धंच सांगितलं तुम्हाला. पंधराव्या आयोगाच्या (२०२१-२६) निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच, तो पाणी-स्वच्छतेचा. उरलेला ४० टक्के अबंधित. पगार आणि आस्थापना सोडून गावाच्या गरजेला लावा. रस्ते, मोऱ्या, पूल हे घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी दिलेल्या २९ विषयांत आहेतच. काम मात्र ग्रामसभेने मंजूर केलेल्या आराखड्यात हवं.

बंधित भागावर राग धरू नका. जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे घरोघरी नळाच्या योजनेत, केंद्र-राज्याचा निम्मा-निम्मा वाटा असतो, पण योजना उभी राहिली की देखभाल पंचायतीच्याच गळ्यात. तेव्हा हाच पैसा उपयोगी पडतो.

मला सलतं ते वेगळंच. १९९३ पासून पंचायतीला घटनेचा आधार आहे. दर पाच वर्षांनी निवडणूक, महिलांच्या राखीव जागा, हे सगळं घटनेनेच दिलं. अधिकार किती द्यायचे ते मात्र कलम २४३-जीने विधिमंडळावर सोडलं. दर पाच वर्षांनी राज्याने स्वतःचा वित्त आयोग नेमायचा, हेही घटनेतच आहे, पण त्याबद्दल गावात कुणी विचारत नाही. सगळ्यांचे डोळे केंद्राच्या हप्त्याकडे. तो हप्ता राज्याने १० कामकाजाच्या दिवसांत खाली पाठवायचा, उशीर झाला तर व्याजासकट, अशी पंधराव्या आयोगाची अट होती. असं बांधून घेतलं तरच वरचा खालच्याला धरून चालतो, हे मी नोकरीभर पाहिलं.

सातपुडा, धडगाव:
आमच्याकडे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा. आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट पंचायतीला येतो, खर्च ग्रामसभा ठरवते. पण केंद्राचा कायदा १९९६ चा आणि राज्याचे नियम यायला २०१४ उजाडलं. तेवढ्यात आमच्या पाड्यांवर एक पिढी मोठी झाली.

बोरीकाठची सदस्या:
आप्पा, ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आपल्या पंचायतीचा आराखडा पाहिला. मोरी त्यात नाहीच. आता वर्षाच्या मध्येच घालता येईल?

निवृत्त ग्रामविकास अधिकारी, धुळे:
येईल, पुरवणी आराखड्यात. आधी अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्या, मग ग्रामसभेत विषय मांडा. निंदणीला जाणाऱ्या बायकांना सभेला घेऊनच जा. आणि ठरावाची नक्कल सही-शिक्क्यानिशी मागून घ्या.