गोष्ट म्हणजे नुसता वर्ख?

सोंगटी
काल 'फासे' यांनी लिहिलं, "खेळाचा अर्थ नियमांत असतो, गोष्ट म्हणजे वरचा वर्ख." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगींनी १९०४ मध्ये 'लँडलॉर्ड्स गेम' या पटावरच्या खेळाचं पेटंट मिळवलं. भाडं खाणारा गब्बर होतो नि बाकीचे नागवले जातात, हे खेळता खेळता कळावं म्हणून. त्याच खेळातून पुढे 'मोनोपॉली' निघाला, १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सनी तो बाजारात आणला. भाडं तेच, दिवाळं तेच. पण आता समोरचा बुडाला की आपण टाळ्या पिटतो! नियमच बोलत असते तर असं उलटं कसं झालं?

फासे
शब्द मागे घेणार नाही. 'पेपर्स, प्लीज' (२०१३) हा संगणकावरचा खेळ खेळा. सीमेवरच्या खिडकीत बसून कागद तपासायचे. एक नवरा येतो, त्याचं सगळं ठीक. मागून बायको, तिच्याकडे प्रवेश-परवाना नाही. तिला सोडलं की चूक झाल्याची चिठ्ठी छापून येते. दिवसाच्या पहिल्या दोन चिठ्ठ्या माफ, तिसरीपासून पगार कापतात आणि रात्री घरभाडं, जेवण, औषध तुम्हीच भागवायचं. माझा हात शिक्क्यावर अडला तो या हिशेबामुळे.

सोंगटी
हात अडला तो ती बायको होती म्हणून. नुसते दोन रकाने जुळले नसते तर बिनदिक्कत लाल शिक्का मारला असतात.

खडूपाटी
तुमचं चालू द्या, पण गोष्टीच्या नावाखाली शाळेत काय खपवतात ते बघा. अपूर्णांकांचा खेळ: राक्षसाने राजकन्या पळवली, सोडवा गणित, उघडलं दार, पुन्हा गणित. माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, "राक्षस बोलायला लागला की मी पाणी पिऊन येते."

चौथा भिडू
तो दोष जोडणीचा. 'ओरेगॉन ट्रेल' १९७१ मध्ये मिनेसोटातल्या एका शिकाऊ शिक्षकाने इतिहासाच्या तासासाठी दोन मित्रांना घेऊन संगणकावर केला. गाड्या हाकत अमेरिकेच्या पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्यांचा तो प्रवास. अन्न, गोळ्या, कपडे यांवर पैसे कसे वाटायचे ते मुलं ठरवतात. चुकलं तर वाटेत मरण. तिथे हिशेब हीच गोष्ट.

खडूपाटी
आणि ज्यांच्या जमिनीवरून त्या गाड्या गेल्या, ते मूळ रहिवासी? प्रत्येक मूल गाडीवाल्याच्याच जागी बसतं. त्याला इतिहास म्हणायचं?

चौथा भिडू
आता प्रत्येक खेळाला पिंजऱ्यात उभं करणार का तुम्ही?

खडूपाटी
करणार. मी तासभर समजावलेलं मुलं आठवड्यात विसरतात, खेळात स्वतः हाकलेली गाडी विसरत नाहीत. वर्गात मी उभी असते, तुम्ही नाही.

चौथा भिडू
आवाज चढवू नका. बाजू एकच आहे, हे कबूल. म्हणून खेळ फेकून द्यायचा नसतो, दुसऱ्या बाजूनेही खेळायला द्यायचा असतो.

खडूपाटी
तसा बनवा, मी उद्या वर्गात नेते.

फासे
मूळ मुद्द्यावर येतो. 'नवरा' आणि 'बायको' हे दोन शब्द काढले तर तो प्रसंग उभा राहत नाही, इतपत मान्य. वर्ख म्हणायला नको होतं. पण तेच चित्रफितीत दाखवलं असतं तर विसरलो असतो. शिक्का माझ्या हातात होता, म्हणून आजही ती खिडकी डोळ्यांपुढे आहे.

सोंगटी
मग सोडलंत तिला?

फासे
नाही. त्या दिवशीच्या दोन्ही चिठ्ठ्या आधीच येऊन गेल्या होत्या.