ब्रॅकेट फाटल्याचे (आणि चुकून जुळल्याचे) अनुभव सांगा

डेव्हॉनवाली
सिस्टर जीन गेल्या. १०६ वर्षांच्या होत्या, भरपूर जगल्या, तरी बातमी वाचली आणि २०१८ चा मार्च जसाच्या तसा डोळ्यासमोर आला. माहीत नसेल त्यांच्यासाठी: शिकागोच्या लॉयोला युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमबरोबर असणाऱ्या नन, तेव्हा ९८ वर्षांच्या, व्हीलचेअरवर, गळ्यात कॉलेजचा स्कार्फ, आणि मॅचआधी प्रार्थना घेता घेता समोरच्या टीममधल्या कुणावर लक्ष ठेवा तेही पोरांना सांगायच्या. आम्ही तेव्हा रॉजर्स पार्कला राहायचो, ते कॉलेज म्हणजे आमचा बसस्टॉप एवढीच ओळख. ह्यांच्या ऑफिसात ब्रॅकेटचा पूल होता (मार्चमधल्या अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या बाद फेरीच्या स्पर्धेत कोण कोण जिंकणार ते तक्त्यात आधीच लिहायचं, अंदाज चुकला की ब्रॅकेट फाटला), पाच पाच डॉलरचा, आणि ह्यांनी लॉयोलाला थेट फायनल फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चारात, नेलं. अकरावा सीड (मानांकन; एक सगळ्यात वरचं, सोळा सगळ्यात खालचं)! का, तर म्हणे आपल्या बसस्टॉपची टीम. मायामीला शेवटच्या क्षणी थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मारून, टेनेसीला एका पॉइंटने, नेव्हाडाला एका पॉइंटने, मग कॅन्सस स्टेटला चांगलं धुतलं आणि पोचले की. खुद्द सिस्टर जीननी स्वतःच्या ब्रॅकेटमध्ये लॉयोलाला स्वीट सिक्स्टीनच्या (शेवटच्या सोळांच्या) पुढे नेलं नव्हतं, म्हणजे ननबाईंपेक्षा ह्यांची श्रद्धा जास्त. पुढे मिशिगनने हरवलं, पण तोवर ऑफिसातले लोक ह्यांना येऊन विचारायला लागले होते की उद्याच्या मॅचचं तुला काय वाटतं. डबल ड्रिबल म्हणजे काय ते ह्यांना आजही सांगता येत नाही.
तर लिहा तुमचे किस्से. पुरुषांची, बायकांची, कुठलीही स्पर्धा चालेल, मधे जगाचं राजकारण आलं तरी चालेल फक्त भांडू नका, दिवाळी तोंडावर आलीय.

रिट्रीव्हर_माजी
यूएमबीसी, २०१८. मी तिथे मास्टर्स करत होतो. अजून काही सांगायला हवं का?
बरं सांगतो. बाल्टिमोरजवळचं आमचं कॉलेज, प्रसिद्ध कशासाठी तर बुद्धिबळासाठी. सोळावा सीड, समोर व्हर्जिनिया, त्या वर्षी अख्ख्या देशात एक नंबर. तोपर्यंत पुरुषांच्या स्पर्धेत एक नंबरचे सीड सोळाव्याविरुद्ध १३५-० होते. आमच्या फ्लॅटमधल्या चारही ब्रॅकेटमध्ये चॅम्पियन व्हर्जिनियाच. हाफटाइमला २१-२१ बघून रूममेट म्हणाला होईल आता नॉर्मल, आणि कुकर लावायला गेला. शिट्ट्या होईपर्यंत आमची लीड दोन आकडी. ७४-५४! वीस पॉइंटने हो, नशिबाने वगैरे नाही. स्वतःच्या हरलेल्या ब्रॅकेटवर नाचणारे आम्हीच असू. दुसऱ्या दिवशी परभणीहून बाबांचा फोन, तुझं कॉलेज टीव्हीवर दाखवतायत, काही गडबड झाली का तिकडे?

शार्लट्सव्हिलकर
दर वेळी तेच. पुढच्याच वर्षी २०१९ ला टेक्सस टेकला ओव्हरटाइममध्ये ८५-७७ हरवून आम्ही व्हर्जिनियावाले चॅम्पियन झालो, त्याचा कुणी धागा काढत नाही

डेव्हॉनवाली
@शार्लट्सव्हिलकर काढा की तुम्ही, नको कोण म्हणतंय

गणितमास्तर
थोडी आकडेमोड. ६८ टीम असतात, फर्स्ट फोर म्हणजे सुरुवातीच्या चार मॅचेसमध्ये चार बाद होतात, उरल्या ६४, म्हणजे मॅचेस ६३. प्रत्येक मॅचला नाणं उडवलं तर सगळा ब्रॅकेट बरोबर यायची शक्यता २ चा ६३ वा घात इतक्यांत एक. आपल्या भाषेत ब्याण्णव लाख "लाख कोटी". एकाही माणसाचा पुरा ब्रॅकेट बरोबर आल्याची नोंद नाही. २०१४ ला वॉरन बफे यांच्या पाठबळावर एक अब्ज डॉलरचं बक्षीस लावलं होतं, दुसऱ्याच दिवशी सगळे बाद झाले. २०१९ ला ओहायोतल्या एका माणसाचे पहिले ४९ निकाल ओळीने बरोबर आले होते, त्याच्यापलीकडे कुणी गेलेलं नाही. त्यामुळे "मला आतून वाटलं" वगैरे ऐकलं की हसू येतं.

मोहन_घातलंय
मास्तर, हसा. पण आमच्या सासूबाईंचं ऐका. २०२५ च्या मार्चमध्ये आल्या होत्या सहा महिन्यांसाठी, ह्यांनी कंटाळा जावा म्हणून ब्रॅकेट भरायला दिला. टीमचं नाव नाही, मॅस्कॉट कोण ते विचारायच्या. ड्यूक? ब्लू डेव्हिल? "नको बाई, भूतखेत नको घरात." ऑबर्न टायगर्स, हे देवीचं वाहन, बराच वेळ विचार. ह्यूस्टनचा कूगर म्हणजे काय ते गुगल करून दाखवलं, "हे रानमांजर आहे" म्हणून बाद. आणि फ्लोरिडा गेटर्स, मगर, गंगेचं वाहन! झालं, चॅम्पियन फ्लोरिडा. घरात सगळ्यांनी समजूत काढली की आई अहो ह्यूस्टनचा डिफेन्स बघा. फायनलला सेकंड हाफमध्ये ह्यूस्टन बारा पॉइंटने पुढे, आई शांतपणे झोपायला गेल्या. ६५-६३. शेवटच्या पझेशनला ह्यूस्टनच्या पोरांना शॉटसुद्धा मारता आला नाही. सकाळी सांगितलं तर "मग? गंगामाई आहे ती". पूलच्या पैशातून नणंदेच्या मुलांना बूट गेले आणि मला टोमणा, की तू ड्यूक लिहिलं होतंस ना गं?

गणितमास्तर
२०२५ ला चारही एक नंबर सीड फायनल फोरला होते, २००८ नंतर पहिल्यांदाच. चारातला एक निवडणं अवघड नाही.

मोहन_घातलंय
तुम्ही कोण निवडला होता मास्तर?

मोहन_घातलंय
मास्तर??

पर्ड्यू_पीडित
सांगू का नको असं झालंय. वेस्ट लाफिएटला, पर्ड्यू युनिव्हर्सिटीत शिकलो, त्यामुळे ब्रॅकेट नाही, शाप भरतो दरवर्षी. २०२२, सेंट पीटर्स, पंधरावा सीड, हरलो. २०२३, आम्ही एक नंबर सीड, समोर फेअरली डिकिन्सन, डिव्हिजन वनमधली (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) सरासरी उंचीने सगळ्यात बुटकी टीम, आमच्याकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी. ६३-५८ हरलो. सोळाव्या सीडने एक नंबरला हरवायची ही पुरुषांमध्ये दुसरीच वेळ, पहिली ती वर रिट्रीव्हरने सांगितलेली. सेंट पीटर्स आणि फेअरली डिकिन्सन, दोन्ही कॉलेजं न्यू जर्सीची. आणि लग्न कुठल्या मुलीशी झालं? एडिसन, न्यू जर्सी. सासरी मार्चमध्ये जात नाही. २०२४ ला फायनलपर्यंत गेलो तर तिथे यूकॉनने (कनेटिकट युनिव्हर्सिटी) ७५-६० केलं, ते आपलं एक चेंज म्हणून.

जर्नल_स्क्वेअर
हाहाहा पर्ड्यूवाले दादा या घरी, सेंट पीटर्स आमच्या बिल्डिंगपासून चालत आहे. खरं सांगते, २०२२ च्या आधी मला ते फक्त दवाखान्यात जाताना दिसणारं कॉलेज माहीत होतं. केंटकीला ओव्हरटाइममध्ये ८५-७९ हरवलं त्या रात्री केनेडी बुलेव्हार्डवर हॉर्न वाजत होते, मला वाटलं गुजराती लग्नाची वरात असेल. पंधरावा सीड एलिट एटला (शेवटच्या आठात) जायची पहिलीच वेळ. ज्या मुलाची मिशी सगळीकडे गाजली तो आमच्या इथल्या पिझ्झावाल्याला ओळखतो असं पिझ्झावाला सांगतो, खरंखोटं देव जाणे. पुढे नॉर्थ कॅरोलायनाने वीस पॉइंटने हरवलं आणि त्यानंतर लगेच कोच सीटन हॉलला गेला, पोरंही बरीच दुसरीकडे गेली. ते वाईट वाटलं.

अमरावतीकर_बे_एरिया
वाईट काऊन वाटाव? कोचले मोठा पगार भेटला, पोरायले मोठं कॉलेज. तुमी-आमी जॉब बदलतो तेव्हा कोणी रडते का?

जर्नल_स्क्वेअर
तसं नाही हो, पण कालपर्यंत आपले आपले म्हणून ओरडत होतो ना

केरीकर_आई
आमच्याकडे सल्ला नका विचारू, आमच्या घरात तीन पक्ष आहेत. नवरा एनसी स्टेट, लेक चॅपल हिल (म्हणजे वरची नॉर्थ कॅरोलायना), धाकटा ड्यूक (स्कॉलरशिप मिळाली म्हणून, नाहीतर घराबाहेर काढला असता, फी बघितलीये का). २०२२ ला फायनल फोरमध्ये चॅपल हिलने ड्यूकला ८१-७७ हरवलं, ड्यूकचे कोच के यांची शेवटची मॅच, धाकटा वरच्या खोलीत आणि लेक जिन्यात उभी राहून गाणी म्हणतेय. २०२४ ला एनसी स्टेट अकरावा सीड असून ड्यूकला हरवून फायनल फोरला, तेव्हा नवऱ्याने महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाला लाल टी-शर्ट घातला, झब्बा सांगितला होता. मी सगळ्यांसाठी पोहे करते आणि कुणाची बाजू घेत नाही. थांबा शंकरपाळी जळतायत

पेठेतला_पण
नमस्कार. विषयातलं काही कळत नाही तरी वाचतोय. एक शंका, हे पाच डॉलर लावणं म्हणजे जुगारच ना? आमच्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन पैशाच्या गेम्सवर कायद्याने बंदी आली, क्रिकेट टीमच्या जर्सीवरचं नाव गेलं एका रात्रीत. तुमच्याकडे मात्र ऑफिसात साहेबच गोळा करतो पैसे.

अमरावतीकर_बे_एरिया
भाऊ ऑफिसचा पूल म्हणजे भिशी समजा. खरा जुगार अ‍ॅपवर आहे. २०१८ मधी सुप्रीम कोर्टानं खेळावरच्या सट्ट्याची बंदी उठवली, केस न्यू जर्सीनं लढली होती, समोर एनसीएए (कॉलेजच्या खेळायची संघटना). आता निम्म्याच्या वर राज्यांत चालू आहे. मॅच पाहून रायलो का जाहिरात पाहून रायलो समजत नाही.

जर्नल_स्क्वेअर
त्यातली गंमत सांगू? न्यू जर्सीत आपल्याच राज्यातल्या कॉलेजच्या टीमवर बेट लावता येत नाही. २०२१ ला त्यावर मतदान झालं तेव्हा लोकांनी नकोच म्हटलं. त्यामुळे सेंट पीटर्स जिंकत होती तेव्हा अख्ख्या जगाला पैसे लावता येत होते, आम्ही सोडून.

रात्रपाळी_नर्स
गंमत वाटत असेल पण माझा भाऊ त्यात अडकलाय. नाव-गाव नाही सांगत. सुरुवात ब्रॅकेटपासूनच, मग पुढची फ्री थ्रो जाईल का नाही यावरसुद्धा लावायचा. वहिनीला कळलं तेव्हा क्रेडिट कार्डं फुल होती. आता जुगार सोडवणाऱ्या गटाच्या मीटिंगला जातो, बराय. येत्या मार्चमध्ये टीव्ही काढून माझ्याकडे ठेवणारेत. ड्यूटी आहे, नंतर वाचते.

केरीकर_आई
@रात्रपाळी_नर्स ताई, काळजी घ्या. भावाला म्हणावं या मार्चला आमच्याकडे पोहे खायला, आमच्यात पैसे कोणी लावत नाही नुसते ओरडतात.

मोहन_घातलंय
ताई खूप धीर तुम्हाला

नागपाडा_बॉईज
बास्केटबॉल आपला नाही म्हणणाऱ्यांना एकदा नागपाड्याला बच्चू खान ग्राउंडला आणा संध्याकाळी. लहानपणी भायखळ्याहून चालत जायचो, आत खेळायला चान्स नाय मिळायचा, बाहेरून जाळीला तोंड लावून बघायचं. २०१९ ला वरळीला एनबीएच्या (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) किंग्ज आणि पेसर्स या टीम येऊन खेळून गेले तेव्हा तिकीट परवडलं नाय, पण किंग्जचा मालक रणदिवे, मुंबईचा, याचाच आनंद. ब्रॅकेट आम्ही पण करतो ग्रुपवर, रात्री तीनला मॅच लागते इकडे, सकाळी लोकलमध्ये उभ्याउभ्या झोप.

एफवन_एफवन
एक सिरियस मुद्दा मांडू का. खेळाडूंना पैसे मिळावेत की नाही यावर ऑफिसात रोज वाद. २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात, २०२५ पासून कॉलेजंही थेट देऊ शकतात, एका कॉलेजला वर्षाला साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत. अमेरिकन लोक म्हणतात खेळातला भाबडेपणा गेला. अरे टीव्हीवाले, कोच, कॉलेज सगळे कमवत होते तेव्हा भाबडेपणा कुठे होता. पण मला झॅक ईडीचं नवल वाटायचं. तो कॅनडाचा, आपल्यासारखाच एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा)! देशातला सगळ्यात गाजलेला कॉलेज खेळाडू आणि व्हिसामुळे जाहिरातीचे पैसे मोकळेपणाने घेता येत नव्हते. लायब्ररीत तासाच्या हिशोबाने पुस्तकं लावताना मला फार बरं वाटायचं की वर सात फुटावर पण हेच चालू आहे.

पर्ड्यू_पीडित
पॉइंट आहे. आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून एच-१बी ला (नोकरीचा व्हिसा) नवीन अर्जाचे एक लाख डॉलर. माझ्या चुलतभावाच्या कंपनीने

अमरावतीकर_बे_एरिया
झालं सुरू

पेठेतला_पण
एक लाख डॉलर प्रत्येकी? मग परत या की सगळे.

एफवन_एफवन
काका तुमच्याकडे जागा आहे का वन बीएचके?

पेठेतला_पण
जागा आहे, पार्किंग नाही.

डेव्हॉनवाली
व्हिसाचा वेगळा धागा काढा प्लीज, इथे रडारड नको. बायकांच्या स्पर्धेवर कुणीच कसं नाही लिहिलं? २०२४ ची फायनल, केटलिन क्लार्कची आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलायना, टीव्हीवर पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी बघितली. आणि साउथ कॅरोलायना तो अख्खा सीझन हरली नाही, ३८-०, ते कुणाला आठवत नाही, सगळं क्लार्क क्लार्क.

आयोवाची_सून
डे मॉइनहून लिहितेय, क्लार्क क्लार्क होणारच ना ताई! माझी मुलगी सहावीत आहे, आधी कथक करायची, आता अंगणात रात्री दहापर्यंत लांबून थ्री मारते, शेजाऱ्यांनी दोनदा येऊन सांगितलं. आजी भारतातून व्हिडिओ कॉलवर "पोरीची जात, इतकं घामेघूम बरं नाही" आणि मग हळूच "गेला का आत?". आमच्या घरी ब्रॅकेट फक्त बायकांचा भरतात.

कोल्हापुरी_भावड्या
लई भारी धागा. मला एवढंच कळलं की पाचव्या आणि बाराव्या सीडची मॅच आली की पाचवा लिहायचा न्हाय, बारावा लिहायचा. बरोबर का?

शार्लट्सव्हिलकर
बरोबर, पण स्पर्धेच्या चारही गटांत लिहू नकोस, एकदोन ठिकाणी. कुठल्या ते विचारू नकोस.

गणितमास्तर
मी ड्यूक निवडला होता. झालं समाधान?

मोहन_घातलंय
सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणतायत मास्तरांना म्हणावं पुढच्या वेळी भरायच्या आधी फोन करा. नंबर हवाय का?