नाशिकच्या पंचवटीतलं एक पडद्याचं थिएटर: शेजारच्या वस्तीतली माणसं आत येत नाहीत, सुरुवात कुठून करू?

गोदाकाठचा_पडदा:
खाली २१०, बाल्कनीत ७० खुर्च्या. डीसीआय सर्व्हर (डिजिटल सिनेमा चालवणारं प्रमाणित यंत्र), ५.१ आवाज. येणारे बहुतेक कॉलेज रोडकडून गाडीने येतात. फुलेनगरच्या घरकाम करणाऱ्या बायका, पेठ-सुरगाण्याहून कामाला येणारे मजूर, कर्णबधिर, व्हीलचेअरवाले जवळजवळ नाहीतच. दाराशी तीन पायऱ्या, बुकिंग ऑनलाइन. हाताशी लाख-दीड लाख आहेत. वर्षातून एकदा फुगे लावून करायचे ‘विशेष कार्यक्रम’ नकोत.

रोख_खिडकी:
पैसे नंतर, आधी वेळापत्रक. सकाळची धुणीभांडी एकला संपतात, संध्याकाळची कामं साडेचारला सुरू होतात. सव्वा दोन तासांचा सिनेमा आणि दहा मिनिटांचं मध्यंतर धरलं तर १:१५ ते ३:४० बसतं, पण जाहिराती कापल्या तरच. फलकावर ‘सुटण्याची वेळ’ सुरू होण्याच्या वेळेइतक्याच मोठ्या अक्षरात लिहा, कारण बाई खिडकीवर पहिलं तेच विचारते. वार एकच ठेवा, निदान आठ आठवडे. बुधवार नको, गंगेवर (गोदाघाटावर) बाजार असतो. मजुरांसाठीचा खेळ शेवटच्या एसटीच्या आधी अर्धा तास सुटायला हवा.

खिडकी खेळाच्या तासभर आधी उघडा, रोख घ्या, दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा ठेवा. जीएसटी सोडून तिकीट १०० रुपयांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, शंभरापुढे असेल तर १८. ‘८० चं तिकीट अधिक ३० चा वडापाव’ असं एकत्र विकू नका. एकाच पावतीत बांधलं की सगळ्यालाच सिनेमाचा दर लागू शकतो, आणि आकडा तर शंभरापुढे गेलेलाच. वडापावची पावती वेगळी फाडा.

उतार_बारास_एक:
पायरी १५ सेंमीची असेल तर तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंमी. १:१२ चा उतार म्हणजे ५.४ मीटर रॅम्प, शिवाय वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. एकूण ८.४. समोर एवढी जागा नसेल तर काटकोनात वळवा, वळणावरही दीड मीटर सपाट. रुंदी १.२ मीटर, दोन्ही बाजूंना ७६ आणि ९० सेंमीवर कठडा.

इथे हमखास फसतं: मिस्त्री ‘बारास एक’ ऐवजी बारा अंश धरतो. ती घसरगुंडी होते, जवळपास १:४.७. एक मीटरची पट्टी उतारावर ठेवा, वरचं टोक टेकवून लेव्हलने (पाणसळीने) पट्टी आडवी सपाट करा. खालच्या टोकाखाली फट ८.३ सेंमीपेक्षा जास्त दिसली तर पैसे देऊ नका. पॉलिश फरशी तर अजिबात नको, पावसात पाय ठरत नाही. दार बाहेर उघडून सपाट जागा खात नाही ना, तेही बघा.

आत एका व्हीलचेअरला ९० बाय १२० सेंमी लागतात. सगळ्यात पुढची रांग देऊन मोकळे होऊ नका, मान दुखते. मधल्या वाटेलगतच्या खुर्च्या काढा आणि सोबत्याची खुर्ची शेजारी ठेवा. परवान्यातला आसनांचा नकाशा बदलतो, तेव्हा खुर्ची उखडण्याआधी तो मंजूर करून घ्या.

बूथमधला:
कर्णबधिरांच्या खेळासाठी कॅप्शनवाली आवृत्ती वितरकाकडे आधीच मागा. केडीएम (चित्रपट उघडणारी डिजिटल किल्ली) ठरावीक सीपीएलची, म्हणजे त्या एका आवृत्तीची, आणि तुमच्याच सर्व्हरची असते. साध्या आवृत्तीची किल्ली कॅप्शनवालीला लागत नाही. कॅप्शनवाली बहुधा व्हीएफ (फक्त बदललेला भाग असलेली पुरवणी फाइल) म्हणून येते, ओव्ही (मूळ पूर्ण आवृत्ती) सर्व्हरवर नसेल तर उघडत नाही. किल्लीची मुदत तारखेसोबत तासांतही तपासा; सकाळचा जादा खेळ तिथेच अडकतो. आदल्या रात्री पहिली दहा मिनिटं चालवून बघा. आणि कॅप्शन मराठी हवीत. मराठी शाळेत शिकलेल्याला इंग्रजी सबटायटल्स काय कामाची?

अंधांसाठीचं दृश्यांचं बोलतं वर्णन डीसीपीत (चित्रपटाच्या डिजिटल फाइल-संचात) असेल तर ते सहसा आठव्या चॅनलवर (व्हीआय-एन) असतं, ऐकण्यास जड असणाऱ्यांसाठीचा ट्रॅक सातव्यावर. ते ऐकवणारे हेडफोनचे रिसीव्हर परवडत नसतील तर एक्सएल सिनेमासारखं अॅप चालतं, पण त्या चित्रपटाचं वर्णन त्यात आहे का ते आधी बघा. मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. वितरक टाळाटाळ करू लागला की पत्रात त्यांचा उल्लेख करा.

स्वमग्न मुलांसाठी किंवा तान्ह्या बाळांच्या आयांसाठी फेडर (आवाज कमी-जास्त करायची कळ) ७ वरून ५.५ वर आणा, साधारण ५ डेसिबल उतरतात. ४ च्या खाली नेऊ नका, तिथून आवाज एकदम कोसळतो आणि संवाद जातात. दिवे २०-३० टक्के, पण पडद्यालगतची दिव्यांची रांग बंद, नाहीतर चित्र धुवून निघतं.

गोदाकाठचा_पडदा:
दिवे चालू ठेवले तर बाकीचे प्रेक्षक ओरडतील ना?

रोख_खिडकी:
ओरडतीलच, आणि त्यांचं चूक नाही. म्हणून खेळ वेगळा ठेवा आणि खिडकीवर, पोस्टरवर, तिकिटावर छापा: ‘दिवे चालू, आवाज कमी, बाळ रडलं तरी चालेल.’ दारावरच्या माणसालाही हे सांगून ठेवा, नाहीतर तोच टॉर्च मारून गप्प करत फिरेल.