शब्दचर्चा : रेक्याविक ते वीक, वाटेत अडलेले शब्द

नकाशावेडी

आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हिवाळी एकदिवसीय सहलीची माहिती मराठीत लिहायला घेतली आहे. रेक्याविकहून निघायचं, हेल्लिशेइदीचं पठार ओलांडायचं, सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन धबधबे, सोल्हेमायोकुत्लचं बर्फाचं टोक, रेनिसफ्याराचा काळा किनारा, वीक गाव आणि परत. जाऊन-येऊन पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास.

स्थळांची माहिती भरपूर आहे, घोडं शब्दांवर अडलंय. तिथल्या नकाशावर ‘योकुत्ल’ हा एकच शब्द सगळीकडे दिसतो. डोंगरमाथ्यावर पसरलेला प्रचंड बर्फही योकुत्ल आणि त्यातून दरीत उतरलेली जीभही योकुत्ल. मी दोन्हीकडे ‘हिमनदी’ लिहिलं, तर वाचून पाहणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, ‘नदी नेमकी कुठे आहे?’ शिवाय ‘राख’, ‘लाव्हा’ आणि ‘पहाट’ यांनीही छळलंय. त्याबद्दल पुढे विचारते, आधी नदीचं काय ते सांगा.

जुना खर्डा

हिमनदी बिनधास्त लिहा. रुळलेला शब्द आहे, शाळेच्या भूगोलापासून सगळ्यांच्या कानावर आहे. आणि तो नुसता रुळलेला नाही, अर्थानेही चोख आहे. बर्फाचा साठा स्वतःच्या वजनाने वाहू लागला की मगच त्याला हे नाव मिळतं. पडून राहिलेल्या बर्फाला कोणी हिमनदी म्हणत नाही. आइसलंडमधलंच उदाहरण घ्या. ‘ओक’ नावाच्या डोंगरावरचा ओकयोकुत्ल इतका पातळ झाला की त्याचं वाहणंच थांबलं. २०१४ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी त्याला यादीतून वगळलं आणि २०१९ मध्ये त्या जागी स्मृतिफलक बसवला. बर्फ तिथे थोडाफार होताच, गेली ती गती. तेव्हा वाहणं हाच निकष असेल, तर ‘नदी’ला हरकत कसली?

कातळ

हरकत आकाराची आहे. नदी म्हटलं की दोन काठ आले, एक दिशा आली. मीर्दाल्सयोकुत्ल हा पाचशे चौरस किलोमीटरहून मोठा बर्फ आहे, डोंगरमाथ्यावर बसलेला, आणि तो मधून चहूबाजूंना वाहतो. त्याला काठच नाहीत. वात्नायोकुत्ल तर देशाची सुमारे ८ टक्के जमीन व्यापून आहे. अशाला ‘हिमटोप’ म्हणावं. टोपाच्या कडेने ज्या जिभा दऱ्यांत उतरतात त्या हिमनद्या. म्हणजे मीर्दाल्सयोकुत्ल हिमटोप आणि त्यातून निघालेली सोल्हेमायोकुत्ल हिमनदी. सहलीत लोक पायाला काटेरी तळ बांधून चालतात ते या दुसऱ्यावर. टोप खालच्या रस्त्यावरून दिसला तर दिसतो, बहुतेक वेळा ढगात असतो.

मूळ भाषेने एका शब्दात भागवलं म्हणून आपणही भागवावं असं काही नाही. वाचणाऱ्याला समोर काय दिसणार आहे, त्यावरून शब्द ठरवावा.

जुना खर्डा

हिमटोप मान्य. पण मग लगेच ‘हिमनग’ही तपासा की! संस्कृतात नग म्हणजे डोंगर, आणि डोंगराला नग का म्हणतात, तर तो जात नाही म्हणून : न गच्छति. आपला हिमनग मात्र दिवसभर तरंगत फिरतो. त्याबद्दल कोणाची तक्रार ऐकली नाही. (ही गंमत. हिमनग बदलू नका.)

नकाशावेडी

हिमटोप आणि हिमनदी घेतले. सोल्हेमायोकुत्लच्या तोंडाशी जे तळं झालंय त्यात तरंगणारे तुकडे लहान असतात, त्यांना ‘हिमखंड’ लिहिते. हिमनग म्हटलं तर जहाज बुडवणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं.

आता त्या तळ्याचंच वाक्य असं आहे : ‘हिमनदी दरवर्षी मागे सरकत असून तिच्या जागी तळे वाढत आहे.’ चालेल?

कातळ

‘मागे सरकते’ मला खटकतं, जरी सगळीकडे तसंच छापलेलं असलं तरी. हिमनदी कधीच मागे सरकत नाही. तिचा बर्फ कायम उताराकडे, म्हणजे पुढेच येत असतो. येतो त्यापेक्षा जास्त वितळला की तिचं टोक आत आत जातं. ‘मागे सरकते’ वाचून ती डोंगरावर उलटी चढते आहे असं चित्र उभं राहतं.

‘आखडते’ कसं वाटतं? किंवा नदीच म्हणायचं ठरलंय तर ‘आटते’. सोल्हेमायोकुत्लच्या बाबतीत तर आटण्याचा हिशोबच ठेवला जातोय. तिचं टोक कुठे आहे याची मोजणी १९३०च्या दशकापासून होते आणि २०१०पासून जवळच्या शाळेची मुलंही दरवर्षी जाऊन मोजतात.

ओसरी

‘आटते’ला माझं मत. एका शब्दात कळतं. ‘आखडते’ म्हटलं की मला थंडीने आखडलेलं माणूस आठवतं, आणि इथे कारण नेमकं उलटं आहे.

राखेचं काय झालं?

नकाशावेडी

राखेचं असं की हिमनदीवर काळे पट्टे दिसतात. स्थानिक मार्गदर्शक सांगतात, ही जुन्या उद्रेकांची राख, बर्फाच्या थरांमध्ये अडकलेली. मी ‘राख’ लिहिलं. पण राख म्हणजे काहीतरी जळून उरलेलं ना? तिथे जळलं काय?

कातळ

काहीच जळलेलं नाही. ज्वालामुखीची राख म्हणजे खडकाचे आणि काचेचे बारीक कण. शिलारसातला, म्हणजे जमिनीच्या पोटातल्या वितळलेल्या खडकातला, वायू झटक्यात फुगतो किंवा शिलारसाची बर्फाशी, पाण्याशी गाठ पडते, आणि त्याच्या चिंधड्या उडतात. ती हाताला खरखरीत लागते आणि पाण्यात विरघळत नाही. १४ एप्रिल २०१० नंतर एयाफ्यात्लायोकुत्लच्या उद्रेकाने युरोपातली विमानं जवळजवळ आठवडाभर जमिनीवर बसवली ती याच कणांमुळे. इंजिनाच्या आतल्या उष्णतेत ही काच वितळते आणि पात्यांवर पुन्हा घट्ट बसते. चुलीतल्या राखेला हे जमलं नसतं.

तरीसुद्धा ‘राख’च लिहा. ‘ज्वालामुखीची राख’ इतकं पक्कं झालंय की दुसरं काही लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल वेगळाच पदार्थ आहे. फक्त पहिल्यांदा शब्द येईल तिथे अर्धं वाक्य जोडा : ‘राख म्हणजे खडकाचा आणि काचेचा चुरा’. मग पट्टे काळे का दिसतात, हिमनदीवर पाऊल कचकन का वाजतं, सगळं उलगडतं.

जुना खर्डा

या हिशोबाने ‘ज्वालामुखी’ही गेला. ज्वाला म्हणजे जळणं आलंच. मुळात हा शब्द आपल्याकडे देवीच्या नावावरून ओळखीचा. कांगड्याच्या ज्वालामुखी मंदिरात जमिनीतून येणारा नैसर्गिक वायू जळतो, तिथे लाव्हा वगैरे काही नाही. शिवाय देवी स्त्रीलिंगी आणि मराठीत ‘तो ज्वालामुखी’.

आणि मुख तरी कुठे असतं दरवेळी? आइसलंडमधल्याच लाकीचा १७८३चा उद्रेक पंचवीसेक किलोमीटर लांब भेगेतून झाला, तिच्यावर शंभराहून जास्त मुखं.

कातळ

‘भेगी उद्रेक’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द त्यासाठी आहेच. अलीकडे ग्रिंदाविक गावाजवळ डिसेंबर २०२३पासून जे उद्रेक झाले तेही भेगेतूनच. वीकच्या वाटेवर मात्र कात्ला आहे, आणि ती मीर्दाल्सयोकुत्लच्या बर्फाखाली दडलेली. तिला ज्वालामुखी म्हणायला माझी ना नाही. ‘ती’ म्हणतोय, कारण कात्ला हे तिथे बाईचं नाव आहे.

कात्लावरून एक शब्द सुचवतो. बर्फाखाली उद्रेक झाला किंवा नुसती जमिनीची उष्णता वाढली तरी तळाचा बर्फ वितळतो, पाणी साठतं आणि एक दिवस टोपाची कड उचलून बाहेर पडतं. आइसलंडी भाषेत याला ‘योकुल्हलाउप’ म्हणतात. ‘हलाउप’ म्हणजे धाव. मराठीत ‘हिमनदीचा पूर’ असं लिहिलेलं वाचलंय, पण पूर चढतो आणि ओसरतो. हा एकदम अंगावर येतो, बर्फाचे तुकडे आणि राखेचा चिखल घेऊन. याला ‘लोंढा’ हवा. १९१८ साली कात्लाचा मोठा उद्रेक झाला तेव्हा लोंढ्याने इतका गाळ आणला की किनाराच समुद्रात पुढे गेला. जुलै २०११ मध्ये छोट्याशा लोंढ्याने वीकच्या पूर्वेकडचा, मूलाक्विस्ल नदीवरचा हमरस्त्याचा पूल वाहून नेला. २०१० साली एयाफ्यात्लायोकुत्लच्या उद्रेकात मार्कारफ्ल्योत नदीच्या पुलाशी लोंढा यायच्या आत तिथल्या लोकांनी आपणच रस्ता खणून पाण्याला वाट करून दिली, म्हणून पूल वाचला. सहलीची गाडी त्याच पुलावरून जाते, सेल्यालांड्सफॉसच्या थोडं अलीकडे.

ओसरी

लोंढा! याच्यापुढे ‘हिमानी जलप्रलय’ वगैरे कोणी लिहू नये.

नकाशावेडी

लोंढा तर घेतलाच. लाव्हाबद्दल विचारायचं राहिलं. रेक्याविकमधून बाहेर पडल्यावर रस्ता शेवाळाने झाकलेल्या खडबडीत रानातून जातो. तिथे ‘लाव्हा’ लिहिलं की लोक लाल, वाहतं काहीतरी शोधतील. ‘थिजलेला लाव्हा’?

जुना खर्डा

तिथे एक गोष्टच सांगून टाका, शब्द आपोआप कळेल. इ.स. १०००च्या सुमारास थिंगवेत्लिरच्या सभेत ख्रिस्ती धर्म घ्यायचा की नाही यावर वाद चालू होता. तेवढ्यात निरोप आला की दक्षिणेकडे जमिनीतून आग वाहते आहे. जुन्या धर्माचे लोक म्हणाले, बघा, देव कोपले. त्यावर स्नोरी नावाच्या सरदाराने विचारलं, मग आपण आत्ता ज्या लाव्हावर उभे आहोत तो वाहिला तेव्हा देव कशावर कोपले होते? तेव्हा आलेला तो लाव्हा म्हणून आज जो दाखवतात, त्यावरूनच हमरस्ता जातो. त्याचं नावही ‘धर्मांतराचा लाव्हा’ अशा अर्थाचं आहे. त्यांचा ‘ह्राउन’ हा शब्द वाहत्यालाही लागतो आणि हजार वर्षं थंड पडलेल्यालाही.

मराठीत वाहतो तो ‘लाव्हारस’ आणि पसरलेला, थंड तो ‘लाव्हा’, असं सरळ वाटून घ्या. जमिनीच्या पोटात असेपर्यंत ‘शिलारस’.

कातळ

एक खड्डा मीच दाखवून ठेवतो, रेनिसफ्याराला पडाल. तिथे कड्यात बसाल्टचे उभे, कोनदार खांब आहेत, लाव्हा थंड होताना आकसून तडकल्याने झालेले. आणि समोर समुद्रात रेनिसद्रांगार नावाचे खडक उभे आहेत, सर्वांत उंच ६० मीटरहून अधिक. आपली पुस्तकं पहिल्याला ‘बसाल्ट स्तंभ’ म्हणतात, दुसऱ्याला ‘सागरी स्तंभ’. दोन्ही एकाच नजरेत येतात आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिले थंड होण्यातून झाले, दुसरे लाटांनी कडा खाल्ल्यावर उरले. माझ्या मते कड्यातले ते ‘खांब’, समुद्रातले ते ‘सुळके’. सगळेच खांब षट्कोनी असतात असंही लिहू नका, पाच किंवा सात बाजूंचेही निघतात.

ओसरी

सुळक्यांची दंतकथा घाला ना. जहाज ओढत किनाऱ्याकडे आणणारे राक्षस, उजाडलं आणि दगड झाले. डिसेंबरात त्यांना बराच वेळ मिळाला असता.

नकाशावेडी

त्यावरूनच माझा शेवटचा प्रश्न. डिसेंबरच्या शेवटी रेक्याविकला सूर्य साडेअकराच्या जरा आधी उगवतो आणि साडेतीनला मावळतो. सहलीची गाडी आठ-नऊला निघते. घड्याळाने ती सकाळ, आभाळाने रात्र. ‘पहाटे नऊ वाजता’ लिहिलं तर विनोद होतो.

जुना खर्डा

‘पहाट’ उजेडावर ठरते, ‘सकाळ’ घड्याळाकडे झुकलेली आहे. म्हणून ‘सकाळी नऊला, मिट्ट काळोखात’ असं सरळ लिहा. मग दहाच्या पुढे कुठेतरी रस्त्यात ‘झुंजूमुंजू’ होऊ द्या. तिकडचा संधिप्रकाश लांबतो, कारण सूर्य फार तिरका चढतो, तेव्हा झुंजूमुंजू तासभर चाललं तर बिघडत नाही.

‘भर दुपारी’ मात्र टाळा. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी वीकला सूर्य क्षितिजावर जेमतेम ३ अंश येतो. दिवसभर कलती उन्हंच. ‘मध्यान्ह’ तर बाराला येतच नाही. देश बराच पश्चिमेला असूनही घड्याळ ग्रीनिचचं लावतात, त्यामुळे सूर्य माथ्याशी (माथा कसला!) येतो तो दीडच्या सुमारास.

कातळ

आणि म्हणूनच योकुल्सारलोनचं सरोवर डिसेंबरात एका दिवसात जोडू नका, कोणी कितीही मागणी केली तरी. रेक्याविकपासून एका बाजूने पावणेचारशे किलोमीटर. बहुतेक रस्ता अंधारात जाईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये उजेड पुरतो, पण तरीही तिकडेच मुक्काम केलेला बरा.

रस्त्याच्या सूचनांमध्ये ‘हाउल्का’ हा शब्द वारंवार येतो. तो बर्फ नव्हे, बर्फाने आलेला निसरडेपणा. ‘रस्ता निसरडा’ लिहा. ‘रस्त्यावर बर्फ’ म्हटलं की लोक पांढरं शोधतात, आणि घसरवणारा थर बऱ्याचदा दिसतच नाही. सेल्यालांड्सफॉसच्या मागून जाणारी पायवाटही याच कारणाने हिवाळ्यात अनेकदा बंद असते. हे लिहिलं नाही तर लोक तिथे जाऊन हिरमुसतील.

नकाशावेडी

सगळ्यांना धन्यवाद. रेनिसफ्याराचा परिच्छेद असा झालाय, बघा :

‘कड्यात बसाल्टचे खांब, समुद्रात सुळके, आणि पायाखाली काळे पुळण. ही वाळू म्हणजे लाव्हाचा आणि राखेचा लाटांनी केलेला चुरा. शांत समुद्रातूनही अचानक एखादी लाट नेहमीपेक्षा बरीच वर येते आणि परतताना माणसाला ओढून नेते. सूचनाफलकावरचा दिवा लाल असेल तर वाळूवर उतरू नये.’

ओसरी

‘पुळण’ वापरलंत, फार आवडलं. पण ती स्त्रीलिंगी : ‘काळी पुळण’. आणि ‘वाळू’च्या आधी ‘गोटे आणि’ घाला, तिथे गोटेही पुष्कळ आहेत.

कातळ

‘समुद्राकडे पाठ करून उभं राहू नये’ हे वाक्य राहिलंय. लाल दिव्याच्या आधी टाका. आणि तुमच्या माहितीच्या शीर्षकात ‘स्कोगाफॉस धबधबा’ आहे ते बदला, फॉस म्हणजेच धबधबा.