जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलला घरी मजबुतीच्या पट्ट्या वेल्ड करण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहतो. माझी जुनी फोर बाय फोर जीप त्र्यंबकच्या बाजूच्या दगडी वाटांवर वापरली जाते. मागचे टायर आतल्या कडेने झिजू लागल्यावर अ‍ॅक्सलची (दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या भागाची) डावी नळी वाकल्याचे लक्षात आले. ती अंबडला सरळ करून घेतली असून आता वरून ६ मिमी प्लेटचा आधार स्वतःच वेल्ड करण्याचा विचार आहे.

वेल्डिंगमध्ये मी नवखा आहे. २०० अँपिअरच्या इन्व्हर्टर मशीनवर ३.१५ मिमीचा ६०१३ (साधा, सर्रास वापरला जाणारा) वेल्डिंग रॉड लावून भंगारातल्या नळीवर एका बाजूने सलग टाका मारून पाहिला. नळी थंड झाल्यावर तिच्यावर स्टीलची पट्टी ठेवली, तर मधल्या फटीतून टॉर्चचा उजेड दिसत होता, म्हणजे उष्णतेने नळी वाकली होती. अ‍ॅक्सलचे असे झाले, तर सरळ करण्याचा खर्च पाण्यात जाईल.

त्यामुळे विचारतो, की टाके किती लांबीचे ठेवावेत आणि डावी-उजवीकडे आलटून पालटून मारताना मध्ये किती थांबावे? मधले हाउसिंग (दोन नळ्यांमधला गिअरचा डबा) ओतीव असल्याने तिथे निकेल रॉड आणि आधी तापवणे आवश्यक आहे, की नवख्याने त्या भागाला हातच न लावता आधार फक्त नळ्यांवर टेकवावा? ७०१८ रॉड (हा हवेतली ओल धरतो) घ्यावा, तर उघडे पाकीट सुकवायला माझ्याकडे भट्टी नाही, आणि स्वयंपाकघरातला ओव्हन मागण्याची सोय नाही. बेअरिंग, सील आणि शाफ्ट मी आधीच काढून ठेवले आहेत.