कासव संवर्धन मंडळाच्या नोंदवह्या आणि चित्रे कशी जतन करावीत?

वाळूकाठ (धागाकर्ता):
दापोली तालुक्यातील एका किनारी गावात आमचे मंडळ ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासला जे काम उभे केले, ते पाहूनच आमच्याकडे सुरुवात झाली. कासवमित्रांनी हंगामागून हंगाम लिहिलेल्या वह्यांमध्ये घरटे सापडल्याची तारीख, भरतीच्या रेषेपासूनचे अंतर, अंडी, बाहेर पडलेली पिल्ले अशा नोंदी असून समासात ‘कोल्ह्याचे माग दिसले’, ‘टोपली वाऱ्याने उलटली’ असे शेरे आहेत. याखेरीज शाळेच्या मुलांनी कार्डशीटवर पोस्टर रंगांत काढलेली चित्रे, कासव महोत्सवाचे कापडी फलक, फ्लेक्स आणि काही सीडी आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कार्यालयाचे पत्रे उडाले, तेव्हा भिजलेल्या वह्यांची काही पाने एकमेकांना चिकटली आहेत. पैसा बेताचाच आहे. आधी काय हाती घ्यावे, आणि मूळ कागद बाहेरच्या संस्थेकडे द्यावेत का, याविषयी जाणकारांनी सल्ला द्यावा.

दप्तरी:
प्रथम वह्या घ्याव्यात, कारण चित्राचे छायाचित्र कुणाच्या तरी मोबाइलमध्ये सापडू शकते, पण घरट्यांची नोंद दुसरीकडे कुठेही नसते. चिकटलेली पाने नखाने किंवा सुरीने सोडवू नका. तो भाग तसाच बाजूला ठेवून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रात किंवा इंटॅक या वारसा जतन करणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांकडे विचारणा करा. उरलेल्या वह्यांतील गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना अलगद काढून तिथे सुती दोरा वापरा.

स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या सावलीत वही सपाट उघडून, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल पानाला समांतर धरून छायाचित्रे घ्या. कोरे पान आणि मुखपृष्ठही वगळू नका. ही छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवली तर आकसतात, म्हणून मूळ फाइल केबलने संगणकावर उतरवाव्यात. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतली एक गावाबाहेर, हा नियम कोकणात तर अनिवार्यच समजावा. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील पुस्तके कशी पाण्यात गेली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सीडीवरचा मजकूर तर याच आठवड्यात उतरवून घ्या.

सागरगोटा:
चित्रांविषयी थोडे. पोस्टर रंग पाण्यात विरघळतो, त्यामुळे बुरशी दिसली तरी ओले फडके लावू नये. हवा कोरडी असेल अशा दिवशी, नाकातोंडाला रुमाल बांधून, मऊ कुंचल्याने ती उघड्यावर झाडावी, पण उन्हात मात्र चित्र ठेवू नये. प्रत्येक दोन चित्रांमध्ये आम्लरहित कागद घालून ती आडवी ठेवावीत. कापडी फलक घड्या न घालता नळीभोवती गुंडाळून मलमलीत ठेवावेत. फ्लेक्स जपण्यात जागा घालवू नका, त्याचे चांगले छायाचित्र पुरे.

लॅमिनेशन कुणी सुचवले तर ठाम नकार द्या, कारण प्लॅस्टिक एकदा उष्णतेने चिकटले की कागद त्यातून मोकळा होत नाही.

माझ्या मते कागदाहून लवकर नष्ट होते ती त्यामागची माहिती. चित्र कोणी काढले, कोणत्या वर्षी, पाठीमागची होडी कुणाची, हे आज गावात दहा जण सांगतील. पुढे मुले मुंबई-पुण्याला गेली की सांगणारे उरत नाहीत. म्हणून प्रत्येक चित्रामागे पेन्सिलने फक्त क्रमांक घालावा आणि तपशील वेगळ्या वहीत लिहावा. चित्रकाराचे (तो अल्पवयीन असल्यास पालकांचे) संमतीपत्र त्याच वेळी घेतल्यास पुढे छापताना अडचण येत नाही.

वाळूकाठ:
मनःपूर्वक आभार. मूळ वह्या कुठे ठेवाव्यात याचा निर्णय मात्र होत नाही. काही सदस्यांना त्या मोठ्या अभिलेखागारात द्याव्यात असे वाटते.

दप्तरी:
बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतील अभिलेखागार जीवशास्त्र आणि पर्यावरणविषयक कागद स्वीकारते, तिथे पत्र लिहून पाहण्यास हरकत नाही. तरी मी आधी स्कॅन द्यावेत आणि मूळ वह्या गावात ठेवाव्यात या मताचा आहे, कारण समासातला शेरा वाचून ‘ही ती उधाणाची रात्र’ असे सांगू शकणारी माणसे तिथेच आहेत. अट एकच, ती म्हणजे भिंतीपासून वीतभर दूर असलेले लोखंडी कपाट, वह्यांना सुती रुमाल, आणि पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, जे रंग बदलताच तापवून पुन्हा वापरता येते. हे सांभाळणारा माणूस मंडळाला नेमता येत नसेल, तर वह्या बाहेर देणेच श्रेयस्कर. (ज्यांच्या मेणवली दप्तराचा, म्हणजे पेशवेकालीन कागदपत्रांच्या संग्रहाचा, अभ्यासक आजही दाखला देतात, त्या नाना फडणवीसांचे मूळ गाव वेळासच, हे मंडळाच्या बैठकीत जरूर सांगा.)

सागरगोटा:
मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. बाहेर देताना पावती, यादी आणि परत मागण्याची अट लेखी घ्या, आणि ज्या पानांवर पूर्वी अंडी विकणाऱ्या ग्रामस्थांची नावे असतील ती आधी त्या कुटुंबांना दाखवूनच सार्वजनिक करा. त्यांच्यापैकी कुणी पुढे स्वतः कासवमित्र झाले असेल, तर त्यांचा शब्द अखेरचा मानावा.